अद्भुताची शिफारस आणि आप्ताचे प्रामाण्य

पुस्तकाचे मूल्यमापन करणे आणि पुस्तकाची शिफारस करणे ह्या दोन भिन्न कृती आहेत, ही गोष्ट मराठी समीक्षेने फारशी ध्यानात घेतलेली दिसत नाही. मूल्यमापन हे साहित्यकृतीविषयीचे विधान असते आणि ते कोणा एका व्यक्तीला उद्देशून केलेले नसते. शिफारशीत मात्र पुस्तकाखेरीज सांगणारा आणि ऐकणारा अशी दोन माणसे अपरिहार्यपणे गुंतलेली असतात. शिफारस करणारा दुसऱ्याच्या आयुष्यातले काही तास मागत असतो आणि ते वाया जाणार नाहीत अशी हमी स्वतःच्या शब्दावर देत असतो. म्हणून ही कृती रसिकतेच्या प्रांतात घडत असली तरी तिचे स्वरूप नैतिक आहे. तिच्यात खरेखोटेपणा संभवतो, कुचराई संभवते, भीरुता संभवते आणि क्वचित फसवणूकही संभवते. अद्भुतकथा, विज्ञानकथा आणि चित्रकथा ह्या तीन प्रकारांच्या बाबतीत तर हा प्रश्न विशेष तीव्र होतो. कारण ह्या प्रकारांचा मराठीतला प्रसार समीक्षेने जवळजवळ केलेलाच नाही. तो वाचकांनी वाचकांना केलेल्या शिफारशींवर झालेला आहे.

लोणावळ्याहून पुण्याला जाणारी लोकल सुमारे चौसष्ट किलोमीटरचे अंतर तोडते. मळवली, कामशेत, वडगाव, तळेगाव अशी मावळातली स्थानके घेत ती देहूरोड-चिंचवडकडे उतरते. ह्या प्रवासाला लागणारा वेळ एका दीर्घकथेचा आहे. समजा, ह्या गाडीत रोज एकाच डब्यात बसणारा एक प्रौढ कारखाना-कामगार कामशेतहून चढणाऱ्या महाविद्यालयीन मुलाला नारायण धारप ह्यांची एक जुनी कादंबरी देतो. मुलगा विचारतो, "काका, काय आहे ह्यात?" काका म्हणतात, "ते सांगितलं तर वाचशील कशाला?" हे उत्तर थट्टेचे वाटले तरी त्यात एक खरी तार्किक अडचण आहे. सामाजिक कादंबरीची शिफारस करताना विषय सांगता येतो आणि विषय हेच वाचण्याचे कारण म्हणून पुढे करता येते. धरणग्रस्तांची आहे, गिरणी कामगारांची आहे, विधवेची आहे, असे म्हटले की ऐकणाऱ्याला कारण मिळते. अद्भुतकथेत कारण आणि रहस्य एकाच जागी असतात. तोदोरोव्हने १९७० मध्ये अद्भुताची जी मीमांसा केली तिच्यात घटनेचा उलगडा नैसर्गिक की अतिनैसर्गिक ह्याविषयीची वाचकाची दोलायमानता मध्यवर्ती मानली आहे. ही दोलायमानता शिफारस करणाऱ्यानेच आधी संपवून टाकली तर त्याने ज्याची शिफारस केली ती वस्तूच शिल्लक राहत नाही. म्हणजे येथे कारण देता येत नाही आणि कारणाशिवाय विश्वास मात्र मागावा लागतो.

असा विश्वास मागण्याचा अधिकार कोणाला, ह्या प्रश्नाचा विचार भारतीय परंपरेत झालेला आहे. फक्त तो काव्यशास्त्रात शोधून मिळत नाही, न्यायशास्त्रात मिळतो. नैयायिकांनी प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान ह्यांच्या जोडीला शब्द हे चौथे प्रमाण मानले आणि शब्दाचे प्रामाण्य आप्ताच्या उपदेशावर टेकवले. आप्त कोण, ह्याचे वात्स्यायनाने भाष्यात केलेले विवरण आजही थक्क करणारे आहे. ज्याने वस्तू स्वतः अनुभवली आहे आणि जशी अनुभवली तशीच ती दुसऱ्याला कळावी ह्या इच्छेने जो बोलतो, तो आप्त. हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेच्छाला सारखेच लागू पडते असेही तो सांगतो. जन्म, पद, विद्वत्ता ह्यांपैकी कशाचीही अट त्याने घातलेली नाही. ह्या कसोटीवर लोकलमधला तो कामगार आप्त ठरू शकतो आणि विद्यापीठातला प्राध्यापक ठरेलच असे नाही. प्राध्यापकाने ते पुस्तक वाचलेले नसते, किंवा वाचून ज्या अर्थी ते आवडले त्या अर्थी बोलण्याची त्याची इच्छा नसते.

ही दुसरी शक्यता अधिक गंभीर आहे. भालचंद्र नेमाडे ह्यांनी मराठी कादंबरीच्या आरंभकाळात 'यमुनापर्यटन' (१८५७), 'मुक्तामाला' (१८६१) आणि 'मोचनगड' (१८७१) ह्या कृतींनी सूचित केलेल्या तीन प्रवृत्ती वेगळ्या काढल्या आणि मूल्यदृष्ट्या पहिलीला अग्रस्थान दिले. हे वर्गीकरण उपयुक्तच आहे. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला की मुक्तामालेच्या घराण्यातले पुढचे सगळे वाङ्मय, म्हणजे नाथमाधवांचा 'वीरधवल', गो. ना. दातारांची 'कालिकामूर्ती', धारपांच्या कादंबऱ्या, हे केवळ रंजन म्हणून निकालात निघाले. ज्यांनी ते निकालात काढले त्यांपैकी अनेकांनी पौगंडावस्थेत ते झपाटून वाचलेले होते. आवड एका वहीत आणि मूल्य दुसऱ्या वहीत, अशा ह्या दुहेरी जमाखर्चाला अभिरुचीची प्रगल्भता म्हणण्याची पद्धत आहे. वस्तुतः हा सचोटीचा प्रश्न आहे.

मावळाकडे पाहिले तर ह्या दुहेरीपणाचे चित्र अधिक स्पष्ट होते. मराठी समीक्षेला माहीत असलेला मावळ हा मुख्यतः गो. नी. दांडेकरांचा मावळ आहे. तळेगाव दाभाड्याला राहून त्यांनी 'पवनाकाठचा धोंडी' (१९५५) लिहिली, त्यात तुंग किल्ल्याच्या परिसरातले जगणे आले. 'माचीवरला बुधा'मध्ये राजमाची आली. ह्या कादंबऱ्यांची शिफारस कोणालाही उजळ माथ्याने करता येते, कारण त्या 'प्रादेशिक' आहेत आणि भूमीशी इमान राखणाऱ्या आहेत. पण ह्याच भूमीने अद्भुताला कधी परके मानले नाही. भाजे येथील प्राचीन विहारात अर्धे मनुष्य आणि अर्धे अश्व अशा आकृती कोरलेल्या आहेत. वैराग्यासाठी खोदलेल्या त्या जागेत त्यांचे काय काम, असा प्रश्न कोरणाऱ्याला पडलेला दिसत नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दारातच एकवीरेचे देऊळ उभे आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी ह्यांनी ह्या टापूत पायी हिंडून बौद्ध लेणी, जुने व्यापारी मार्ग आणि गावोगावच्या मातृदेवता ह्यांचे परस्परसंबंध 'मिथ अँड रिअॅलिटी' (१९६२) ह्या ग्रंथात उलगडले. त्यांचा शोध सामाजिक इतिहासाचा होता. परंतु अद्भुत हे ह्या मातीवर वरून पडलेले नाही एवढे त्यातून निश्चित कळते.

ह्या संदर्भात वेताळाचे उदाहरण फार बोलके आहे. साठोत्तर काळात मावळातल्या किंवा एकूण महाराष्ट्रातल्या खेड्यात वाढणाऱ्या वाचत्या मुलाला तीन वेताळ ठाऊक असण्याचा संभव होता. एक शिवेवरचा, शेंदूर फासलेला, रात्री फेरी काढतो असे म्हणतात तो. दुसरा 'चांदोबा'तला, विक्रमाच्या खांद्यावर बसून गोष्ट सांगणारा. मूळच्या पंचवीस कथा केव्हाच संपल्या तरी त्या मासिकाने नव्या कथा रचून हा क्रम पुढे अनेक वर्षे चालू ठेवला आणि शंकर ह्यांच्या रेषेने त्याला कायमचे रूप दिले. तिसरा वेताळ इंद्रजाल कॉमिक्सच्या मराठी आवृत्तीतला, मुखवटा घातलेला, जंगलात कवटीच्या गुहेत राहणारा. १९३६ मध्ये ली फॉक ह्या अमेरिकन लेखकाने निर्माण केलेल्या फँटमला मराठीत आणताना हे नाव दिले गेले. भाषांतराच्या इतिहासात ह्या नामकरणाची नोंद कोणी आवर्जून करीत नाही, आणि ती केली पाहिजे.

का, हे समजण्यासाठी अभिनवगुप्ताकडे वळावे लागते. रसास्वादात येणारी जी सात विघ्ने त्याने मोजली त्यांत पहिले संभावनाविरह हे आहे. जे दाखवले जात आहे ते संभवनीयच वाटले नाही तर प्रेक्षकाचे चित्त तेथे विश्रांत होत नाही आणि मग रसाचा प्रश्नच उद्भवत नाही. समुद्रोल्लंघनासारखी लोकोत्तर कृत्ये दाखवायची तर रामासारखा प्रख्यात नायक घ्यावा, कारण त्याच्याविषयीचा विश्वास लोकांच्या मनात आधीच रुजलेला असतो, हा त्यावरचा त्याचा उपाय. फँटमला वेताळ म्हणणारा अनामिक भाषांतरकार हाच उपाय योजत होता. परक्या अद्भुताला त्याने शिवेवरच्या विश्वासाची जमीन दिली. जयंत नारळीकर ह्यांनी आपल्या विज्ञानकथांना 'यक्षांची देणगी', 'वामन परत न आला' अशी नावे दिली त्यामागेही, जाणीवपूर्वक असो वा नसो, हीच दृष्टी दिसते. परंतु नाव हे काम थोडेच करू शकते. बाकीचे काम शिफारस करते. ज्याच्यावर आपला विश्वास आहे असे माणूस 'वाच' म्हणते तेव्हा संभवनीयतेची पहिली उधारी तेच भरते. त्यामुळे अद्भुताच्या आस्वादात शिफारस ही बाहेरची, व्यावहारिक गोष्ट राहत नाही. आस्वादाच्या अटींपैकी ती एक होते.

अर्थात उधारीत फसवणुकीचा धोका असतो, आणि ह्या धोक्याची जाण असणाऱ्या एका लेखकाचे वर्तन येथे विचारात घेण्यासारखे आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथास्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. कथेला पहिले पारितोषिक मिळाले आणि मग उघड झाले की आद्याक्षरे उलटी करून हे नाव घेणारा लेखक म्हणजे जयंत विष्णू नारळीकर. हस्ताक्षरावरून ओळख पटू नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतलेली होती. हा प्रसंग सहसा गमतीचा किस्सा म्हणून सांगितला जातो. त्यातला नैतिक आशय मात्र किश्श्यात हरवतो. फ्रेड हॉईल ह्यांच्यासमवेत गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त मांडणाऱ्या शास्त्रज्ञाचे नाव कथेवर असते तर परीक्षकांचा निर्णय त्या नावानेच आधी करून ठेवला असता. नारळीकरांनी आपल्याच नावाची शिफारस नाकारली. खगोलशास्त्रातले आप्तत्व कथेच्या प्रांतात आपोआप चालत येत नाही हे त्यांनी ओळखले होते. एका विषयातला आप्त दुसऱ्या विषयात अनाप्त असू शकतो, हे तत्त्व ज्या समाजात क्रिकेटपटूही पुस्तकांच्या मुखपृष्ठावर अभिप्राय देतात तेथे पुनःपुन्हा सांगावे लागते.

ह्याची दुसरी बाजू पुढच्याच वर्षी दिसली. १९७५ मध्ये कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून बोलताना दुर्गा भागवत ह्यांनी ह्या नव्या विज्ञानकथेची आणि नारळीकरांच्या लेखनाची आवर्जून दखल घेतली. ते संमेलन आणीबाणीला झालेल्या विरोधासाठी स्मरणात राहिले आहे आणि ते योग्यच आहे. तथापि इतक्या गंभीर प्रसंगी, इतक्या गंभीर व्यासपीठावरून, ज्याला समीक्षक अद्याप वाङ्मय म्हणायलाही तयार नव्हते अशा प्रकाराचे नाव घेणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हती. दुर्गाबाई विज्ञानाच्या अभ्यासक नव्हत्या. त्यांचा अधिकार लोकसाहित्याचा होता. परीकथा, दैवतकथा, प्राणिकथा ह्यांत आयुष्य घालवलेल्या विदुषीला अद्भुत कोठे खरे आहे आणि कोठे नुसते भरताड आहे हे कळत होते. येथे आप्तत्वाची अट पुरी होत होती, आणि त्या उघडपणे बोलल्या, दबक्या आवाजात बोलल्या नाहीत. पुढे २०२१ मध्ये नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे आले आणि २०२५ मध्ये ते निवर्तले तेव्हा सर्वांनीच त्यांच्या कथांचे गुणगान केले. त्या गुणगानाला आता काही मोल मोजावे लागत नव्हते. १९७५ मध्ये ते लागत होते.

आप्ताच्या लक्षणातला दुसरा अंश, म्हणजे जसे अनुभवले तसे सांगण्याची इच्छा, हा मराठी अद्भुतकथेच्या बाबतीत सर्वाधिक अवघड आहे. दातारांच्या कादंबऱ्यांमागे रेनॉल्ड्स उभा आहे. धारपांच्या 'लुचाई'मागे स्टीफन किंगची १९७५ मधली 'सालेम्स लॉट' उभी आहे, आणि हे जाणकार वाचकांना चांगले ठाऊक आहे. ज्याने कामशेत ते पुणे ह्या प्रवासात 'लुचाई' वाचली आणि दहा वर्षांनी किंग वाचला त्याला आपण फसवले गेलो असे वाटू शकते. दोष मग कोणाचा? लेखकाच्या ऋणनिर्देशाचा प्रश्न वेगळा आहे आणि तो सोडून देण्याजोगा नाही. परंतु शिफारस करणाऱ्याला जर हे माहीत असेल आणि तरीही तो गप्प राहिला असेल, तर त्याने अनुभवलेले पुरते सांगितले नाही असे म्हणणे प्राप्त आहे. 'रहस्य फुटेल' ही सबब येथे चालत नाही. कथानक न फोडता कुळी सांगता येते. भा. रा. भागवत ह्यांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला तो व्हर्न म्हणून आणला. 'चंद्रावर स्वारी' वाचणाऱ्या मुलाला मूळ लेखक फ्रेंच आहे हे कळल्याने चंद्र काही जवळ आला नाही. शिवाय धारपांचे सगळे लेखन उसने आहे असा जो सरसकट निष्कर्ष काही जण काढतात तोही अनुभवाशी प्रामाणिक नाही. त्यांच्या कथांतले वाडे, त्यांतला अंधार, त्यांतले भित्रे मध्यमवर्गीय कुटुंब आणि कमालीची साधी, कोरडी निवेदनभाषा ही त्यांची स्वतःची कमाई आहे. २०१८ मध्ये आलेल्या 'तुंबाड' ह्या हिंदी चित्रपटामागे धारपांच्या कथेची प्रेरणा असल्याचे चित्रकर्त्यांनी सांगितले, आणि त्यानंतर नव्या पिढीला धारप वाचायला सांगणारे पुष्कळ निघाले. त्यांनी दोन्ही गोष्टी सांगायला हव्यात.

हीच अट चित्रकथेला लावली तर तिसऱ्या वेताळाविषयी अधिक बोलावे लागते. इंद्रजालचे अंक १९६४ पासून निघू लागले आणि १९९० मध्ये बंद झाले. आज ते जुन्या पुस्तकांच्या दुकानांत शोधून एकमेकांना दाखवणाऱ्यांचा एक प्रेमळ संप्रदाय आहे. त्या प्रेमाची थट्टा करण्याचे कारण नाही. रंगीत चौकटींतून वाचायला शिकलेल्या डोळ्यांचे ऋण खरे असते. पण चारशे वर्षे पिढ्यान् पिढ्या एक गोरा पुरुष काळ्या माणसांच्या जंगलावर न्यायाने राज्य करतो आणि त्यांना तो अमर वाटत राहतो, ही त्या कथेची चौकट आहे. आपल्या मुलाला हा अंक देणारा बाप ते सांगणार की नाही? सांगितले तर आनंद उणावतो, असा आक्षेप येईल. तो थोडा खरा आहे. आनंदाचा काही भाग अज्ञानावर उभा असेल तर तो उणावू देणे ह्याला इलाज नाही. जो भाग उरतो, म्हणजे रेषेची गती, कवटीच्या अंगठीचा उमटणारा ठसा, पुढच्या अंकाची ओढ, त्याचीच शिफारस करता येते.

ह्याहून सूक्ष्म असा एक अप्रामाणिकपणा आहे आणि तो शिक्षक, पालक व ग्रंथालये ह्यांच्यात सर्वत्र आढळतो. चित्रकथा आणि अद्भुतकथा मुलांना द्याव्यात, कारण त्यांतून वाचनाची सवय लागते आणि मग मुले 'चांगल्या' वाङ्मयाकडे वळतात, असे म्हटले जाते. येथे पुस्तकाची शिफारस ते सोडून देण्यासाठी केलेली असते. जिना म्हणून दिलेल्या पुस्तकावर कोणी घर करत नाही. देणाऱ्याच्या मनात ज्याला किंमत नाही ते त्याने दुसऱ्याला मोलाचे म्हणून द्यायचे, हा व्यवहार आप्ताच्या कोणत्याही व्याख्येत बसत नाही. मुलांना तो ओळखताही येतो. आणि ज्या प्रौढाला अद्भुत अजूनही हवे असते त्याला ह्या युक्तिवादात जागाच राहत नाही. 'साहित्यदर्पण'कार विश्वनाथाने आपल्या नारायण नावाच्या पूर्वजाचे मत नोंदवले आहे. रसाचे सार चमत्कार, म्हणून सर्वत्र अद्भुत हाच एक रस, असे तो मानत असे. हे मत टोकाचे आहे, पण निदान ते अद्भुताला पहिली इयत्ता समजत नाही. टोल्किनने १९३९ च्या व्याख्यानात पळपुटा सैनिक आणि सुटू पाहणारा कैदी ह्यांच्यात जो फरक केला तोही प्रौढांनाच उद्देशून होता.

राहिला प्रश्न ऐकणाऱ्याचा. रंगनाथन् ह्यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. पुस्तक आणि त्याचा वाचक ह्यांची गाठ घालून देणे हे ग्रंथपालाचे कर्तव्य त्यांत दोन्ही बाजूंनी सांगितलेले आहे. वाचकाला ओळखल्याशिवाय ही गाठ पडत नाही. स्वतःला आवडले म्हणून दुसऱ्याच्या हाती कोंबणे हा एक प्रकारचा अहंकार आहे. पण ऐकणाऱ्याच्या आवडीचा अंदाज बांधून तेवढेच द्यायचे, ही दुकानदारी झाली. ह्या दोहोंच्या मधली जागा नियमाने ठरवता येत नाही.

वेतालपंचविंशतीतल्या राजापुढची अट सर्वांना ठाऊक आहे. उत्तर माहीत असून तो गप्प राहिला तर त्याच्या मस्तकाची शकले होणार, आणि बोलला तर मौन मोडल्यामुळे वेताळ निसटून पुन्हा झाडावर जाणार. बोलण्याची किंमत म्हणून त्याला दरवेळी स्मशानापर्यंत परत चालावे लागते. अद्भुताची शिफारस करणाऱ्यालाही ही चाल चुकत नाही. चाळिसाव्या पानाशी खूण घातलेले पुस्तक आठवड्याने परत येते. घेणारा म्हणतो, नाही जमले. देणाऱ्याला अशा वेळी राग येतो किंवा पुस्तकाविषयीच शंका वाटू लागते. पण अभिनवगुप्ताची विघ्ने सात आहेत आणि संभावनाविरह हे त्यांतले केवळ पहिले. स्वतःच्याच सुखदुःखात मन अडकलेले असणे हेही एक आहे. घेणाऱ्याच्या घरी त्या आठवड्यात कोणी आजारी असेल, त्याची परीक्षा असेल, पाळी बदलली असेल. तेव्हा कोणते विघ्न आडवे आले ते विचारायचे आणि पुस्तक ठेवून घ्यायचे, किंवा दुसरे काढून द्यायचे.